उपवासाची शुगर

आमच्या घरात साखर आणि शुगर या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. साखर डब्यात असते, शुगर माणसाला असते. साखर संपली की वाण्याकडून आणायची, शुगर निघाली की डॉक्टरकडे जायचं. या दोघींची एकमेकींशी काही ओळख असावी, असा संशय आमच्या घराण्यात फारसा कोणी घेतलेला नाही. माझी एक आत्या सगळ्यांना अभिमानानं सांगायची की शुगर निघाल्यापासून तिनं साखरेला हात लावलेला नाही. आणि सांगता सांगता चहात लिंबाएवढा गुळाचा खडा सोडायची.

मी याच घराण्यातला. बावन्न वर्षांचा, नाशिकमधल्या एका शाळेत भूगोलाचा शिक्षक. शिक्षकाचं पोट का सुटतं हे ज्यांना कळत नाही त्यांनी एक महिना आमच्या स्टाफरूममध्ये बसावं. वर्गात पंचावन्न मुलं, प्रत्येकाला वाढदिवस असतोच, आणि प्रत्येक जण "सर, दोन घ्या" म्हणत चॉकलेटची पिशवी पुढे करतो. कोणाच्या मुलाला मार्क चांगले पडले, पेढे. कोणाची सून बाळंत झाली, पेढे किंवा बर्फी. कोणी वणीच्या गडावर जाऊन आलं, पेढे, आणि ते तर प्रसादाचे. आमच्या चित्रकलेच्या सरांची स्कूटर चोरीला गेली आणि चार दिवसांनी सापडली, तेव्हाही पेढे आले. दिवसातून पाच वेळा चहा. रविवारी मिसळ, मिसळीनंतर तोंड भाजलं म्हणून जिलेबी, आणि जिलेबीनं तोंड फार गोड झालं म्हणून पुन्हा चहा.

एवढं असून मी गोड खात नाही, असं मी अगदी मनापासून समजत होतो. खोटं बोलत नव्हतो. गोड खाणं म्हणजे ताटात श्रीखंडाची वाटी घेऊन बसणं. बाकीचं सगळं नुसतं तोंड गोड करणं होतं. तोंड गोड करणं हा शिष्टाचार आहे, आहार नाही.

तर फेब्रुवारीतली गोष्ट. आठवी ब, मधल्या सुट्टीनंतरचा तास. सुट्टीत कोणाच्या तरी घराच्या वास्तुशांतीचे बुंदीचे लाडू झाले होते, मी दोन खाल्ले होते, एक माझा आणि एक रजेवर असलेल्या बाईंचा. फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा टांगलेला. दुपारी जेवणानंतर मला अलीकडे डोक्यात ओला कापूस भरल्यासारखं व्हायचं, तसं झालं होतं. मी छडी नाशिकवर टेकवली आणि म्हणालो, "आणि इथं उगम पावते ती आपली…"

पुढचं नाव आलंच नाही.

नाव जिभेवर घुटमळत होतं, असंही नाही. जिभेवर काहीच नव्हतं. नाशिकमध्ये जन्मलो, नाशिकमध्ये वाढलो, सव्वीस वर्षं हीच नदी शिकवली, आणि मी छडी घेऊन उभा. शेवटी म्हणालो, "आपली ही. घाटावर असते ती."

पहिल्या बाकावरची मुलगी फार हळू, जणू माझी अब्रू सांभाळत, म्हणाली, "सर, गोदावरी."

"शाबास," मी म्हणालो, "कोणाचं लक्ष आहे तेच बघत होतो."

वर्गाला ते पटलं. मला पटलं नाही.

इथं माझ्या वडिलांबद्दल सांगायला हवं. वडील एस.टी.त कंडक्टर होते, बरीच वर्षं नाशिक-नांदगाव गाडीवर. भयंकर गोडखाऊ माणूस. पोळीवर तूप-साखर, भातावर दूध-साखर, आणि चहा असा की कपाच्या तळाशी राहिलेली साखर ते बोटानं काढून खायचे. निवृत्तीनंतर काही वर्षांनी त्यांचं विसरणं सुरू झालं. आधी नावं, मग दिवस, मग माणसं. शेवटी शेवटी ते घरातल्या प्रत्येकाला तिकीट विचारायचे. ओझर, पिंपळगाव, चांदवड, मनमाड, नांदगाव, हे थांबे शेवटपर्यंत क्रमानं पाठ होते, पण मी कोण हे कळत नव्हतं. एकदा मी त्यांच्याजवळ बसलो होतो तर माझ्याकडे बघून म्हणाले, "मास्तर, तुम्ही कुठं उतरणार?" मी म्हटलं, इथंच. ते म्हणाले, "मग पुढं होऊन थांबा."

त्यांच्याकडून मला नाक आलं, टक्कल आलं, गोडाची जीभ आली. चौथी गोष्टही येणार का, एवढंच मला त्या दिवशी शाळेतून घरी जाताना विचारायचं होतं. पण हे विचारायचं कोणाला?

बायकोला मी काही सांगितलं नाही. पण पुढच्या आठवड्यात मी भाजी आणायला स्कूटरवर गेलो आणि रिक्षानं परत आलो. भाजी बरोबर आणली होती, दोन्ही जुड्या ताज्या होत्या. बायकोनं मेथी हातात घेतली आणि दारातल्या रिकाम्या जागेकडे बघून विचारलं, स्कूटर कुठे आहे. मग सगळंच बाहेर आलं, गोदावरीसकट. तिनं दुसऱ्याच दिवशी डॉक्टरांना फोन लावला. या डॉक्टर म्हणजे माझीच एक जुनी विद्यार्थिनी, आता शहरातली नावाजलेली. त्यांची वेळ दहा-बारा दिवसांनंतरची मिळाली, पण त्यांनी निरोप दिला की तोवर रक्त तपासून घ्या: उपाशीपोटी एकदा आणि जेवल्यावर दोन तासांनी एकदा, शिवाय तीन महिन्यांच्या सरासरीची एक तपासणी.

मी लॅबमध्ये चौकशीला गेलो. काउंटरवरची मुलगी म्हणाली, "उद्या सकाळी या काका, फास्टिंग करून."

मी म्हटलं, "उद्या महाशिवरात्र आहे. माझा उपवासच आहे."

"मग तर छानच," ती म्हणाली.

यापुढे जे झालं त्यात त्या मुलीचा काहीही दोष नाही. आमच्या आईचाही नाही. आईचं वय अठ्ठ्याहत्तर, आणि उपवास म्हटला की तिला एकदम तिशीतली ताकद येते. मी पहाटे उठलो तेव्हा स्वयंपाकघरातून तुपाचा वास येत होता. लेकरू रक्त द्यायला जाणार म्हणून तिनं जरा लवकरच केलं होतं. साबुदाण्याची खिचडी, दाण्याचं कूट सढळ. गुळाच्या पाकातल्या रताळ्याच्या फोडी. केळ्याचं शिकरण, कारण महाशिवरात्रीला शिकरण हवंच. एक राजगिऱ्याचा लाडू. आणि चहा, कारण चहा उपवासाला चालतो. वरण, भात, पोळी, भाजी, मीठ लावलेलं काहीही मी तोंडात घातलं नाही. खिचडीतसुद्धा सैंधव होतं. अत्यंत कडक उपवास करून मी साडेसातला घरातून निघालो आणि साडेआठला रक्त दिलं.

"काही खाल्लं नाही ना?" मुलीनं सुई टोचता टोचता विचारलं.

"उपवास आहे," मी म्हटलं, जरा दुखावूनच.

मग ती म्हणाली की आता घरी जाऊन जेवा आणि जेवल्यावर दोन तासांनी या. इथं माझी पंचाईत झाली. उपवासाच्या दिवशी जेवायचं कसं? फराळ तर सकाळीच झालेला. आई म्हणाली, महादेवाच्या दिवशी रक्ताच्या बाटलीसाठी उपवास मोडायचा नाही. म्हणून मी जेवलो नाही. दुपारपर्यंत नुसतं पाणी पिऊन बसलो आणि साडेबाराला पुन्हा रक्त दिलं. तिनं विचारलं, झाले का दोन तास? फराळ होऊन पाच झाले होते. मी हो म्हटलं.

संध्याकाळी रिपोर्ट आला. उपाशीपोटी दोनशे चौऱ्याऐंशी. जेवल्यावर एकशे एकाहत्तर. सरासरीचा कागद नंतर थेट डॉक्टरांकडे जाणार होता.

आता डॉक्टरांची वेळ यायला अकरा दिवस. या अकरा दिवसांत हा कागद आमच्या घरात जितका वाचला गेला तितकी माझी दहावीची गुणपत्रिकाही वाचली गेली नव्हती. पहिल्याच रविवारी सायखेड्याहून चुलतभाऊ आला. त्याची द्राक्षाची बाग आहे. मला बघायला येताना तो रिकाम्या हातानं कसा येईल. द्राक्षांचा क्रेट घेऊन आला. आता द्राक्षवाल्यांच्या भाषेत शुगर ही तिसरीच गोष्ट आहे. घडाला गोडी किती उतरली ते यंत्रात रसाचा थेंब टाकून बघतात, आणि "मालाला शुगर आली" म्हणतात. ही शुगर जितकी जास्त तितका बागवाला खूश.

भावानं कागद हातात घेतला, आकडा वाचला आणि माझ्याकडे नव्या आदरानं बघितलं. "दादा, आमचा माल अठराला उतरतो तर व्यापारी दारात उभा ऱ्हातो. तू तर दोनशे चौऱ्याऐंशी."

बायकोनं सांगितलं, भाऊजी, ही चांगली गोष्ट नाही. मग तो गंभीर झाला. कागद पुन्हा वाचला, बोट ठेवून. आणि मग त्यानं ते वाक्य उच्चारलं ज्यामुळे माझं वजन पुढच्या नऊ दिवसांत अडीच किलोनं वाढलं.

"वहिनी, हे बघा. उपाशी असला तवा चढली. जेवला तवा उतरली. ह्याला उपाशी ठेवू नका, दुसरं काय नाय."

सगळे कागदावर वाकले. कागद तेच म्हणत होता.

आईनं हात जोडले. ती म्हणाली, मी लग्न झाल्यापासून हेच सांगतेय या घरात, कोणाला उपाशी ठेवू नका. मुलगी, जी कॉलेजात शास्त्र शिकते, ती म्हणाली की आकडे उलटे छापले गेले असतील. बायकोनं लॅबला फोन केला. लॅबनं नमुने तपासून सांगितलं की आकडे बरोबर आहेत. मतदान झालं असतं तर दोन विरुद्ध दोन पडली असती. निर्णायक मत माझं होतं, आणि मी ते कर्तव्यबुद्धीनं आईच्या बाजूनं टाकलं.

पुढचे नऊ दिवस मला दर दोन तासांनी शुगर उतरवण्यासाठी खायला घातलं गेलं. सकाळी दहाला द्राक्षं, कारण ती घरच्या बागेतली आणि भावाच्या म्हणण्याप्रमाणे "त्यात शुगर नाय, नॅचरल हाय". हे तोच माणूस म्हणत होता जो पाच मिनिटांपूर्वी त्याच द्राक्षांना अठरा शुगर उतरल्याचं सांगून गेला होता. दुपारी चारला शेवयांची खीर. शाळेत माझी बातमी पसरली आणि सहकारी एकेक करून भेटायला आले. आजाऱ्याला भेटायला जाताना काहीतरी न्यायचं असतं, म्हणून सफरचंदं, खजूर, आणि एकानं खास माझ्यासाठी साखर न घातलेले पेढे आणले. ते गुळाचे होते. मी सगळ्यांचा मान राखला.

मुलीला हे बघवेना. ती हट्टी आहे, तिच्या आईवर गेली आहे. तिनं लोणच्याची एक रिकामी बरणी घासून ओट्यावर ठेवली आणि जाहीर केलं की बाबांच्या पोटात दिवसभरात जेवढी साखर जाईल तेवढी ती मोजून या बरणीत टाकणार, म्हणजे ती डोळ्यांना दिसेल. चहाला इतके चमचे, खिरीला इतके, द्राक्षांचे हिशेबानं इतके. संध्याकाळी सातपर्यंत बरणी गळ्यापर्यंत आली. मी तिच्यासमोर उभा राहिलो. खरं सांगतो, एवढी साखर मी पोत्यातून आणतानाही एका नजरेत पाहिली नव्हती. त्या क्षणी मी बदललो असतो.

पण आई स्वयंपाकघरात आली. तिनं बरणी बघितली, एवढी साखर उघड्यावर मुंग्यांसाठी ठेवायची का म्हणून कुरकुरली, आणि तिचा शिरा केला. बदामाचे काप घालून. शिरा फार सुंदर झाला होता.

या काळात माझ्या डोक्यातला कापूस आणखी ओला होत होता. एकदा मी हजेरी घेताना सत्ताविसाव्या क्रमांकावर डुलकी काढली आणि जागा झालो तेव्हा मुलं स्वतःच एकावन्नपर्यंत पोचली होती. घरात हसायला विषय होता. पण मी रोज आंघोळ करताना दार लावून ओझर, पिंपळगाव, चांदवड, मनमाड, नांदगाव म्हणून बघायचो. यायचं सगळं. पण वडिलांनाही तेवढं यायचंच.

अकराव्या दिवशी बायको आणि मी डॉक्टरांकडे गेलो. त्या मला बघून उठून उभ्या राहिल्या. "बसा सर." मग हसून म्हणाल्या, "आठवीत तुम्ही माझा अर्धा मार्क कापला होता. नकाशात गोदावरी थोडी वर गेली होती म्हणून." मला आठवलं नाही, आणि आठवलं नाही याचीच भीती वाटली. त्यांनी रिपोर्ट पुढे ओढला आणि दोन्ही आकड्यांखाली रेघ मारली.

"सर, अशी शुगर मी कधी पाहिलेली नाही. तुम्ही जेवलात की कमी होते."

बायको म्हणाली, "आम्ही तेच धरून चाललोय मॅडम. दर दोन तासांनी."

डॉक्टरांनी तिच्याकडे बघितलं. मग मला विचारलं, सावकाश, जसं मी ढ मुलाला विचारतो: "सर, उपाशीपोटी म्हणजे त्या सकाळी काय काय खाल्लं होतं?"

मी सांगितलं. खिचडीपासून सुरुवात केली. रताळ्यापर्यंत त्या लिहून घेत होत्या, शिकरणाला पेन खाली ठेवलं, राजगिऱ्याच्या लाडवाला त्यांनी रुमाल तोंडाशी धरला. बायको छताकडे बघत होती. बावीस वर्षांच्या संसारात तिनं छताकडे इतकं एकटक कधी बघितल्याचं मला आठवत नाही.

"पण सैंधव होतं," मी शेवटी म्हटलं.

मग त्यांनी तो दुसरा कागद काढला, तीन महिन्यांच्या सरासरीचा. म्हणाल्या, हा कागद उपवास करत नाही, त्यामुळे याला फसवता येत नाही. दोनशे चौऱ्याऐंशी हा आकडा शिकरणाचा होता, तुमचा नाही. पण हाही काही चांगला नाही. तुम्ही अजून मधुमेहाच्या हद्दीत गेला नाहीत, पण एक पाय उचललेला आहे. मी विचारलं, म्हणजे नक्की किती? त्या नाशिकच्याच. गोदावरीला पूर आला की आम्ही फूट-मीटर विचारत नाही, पाणी घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर आलं ते विचारतो. त्या म्हणाल्या, "छातीपर्यंत, सर. तोंड अजून वर आहे."

मग मी विद्यार्थी झालो आणि त्या शिक्षिका. त्यांनी सांगितलं ते मी माझ्या शब्दांत सांगतो, मार्क कापले जाण्याची जोखीम घेऊन. इन्शुलिन म्हणजे शाळेचा शिपाई. साखर आली की तो घंटा वाजवतो, वर्गांची दारं उघडतात, साखर आत जाऊन कामाला लागते. पण दिवसातून वीस वेळा घंटा झाली तर पोरं लक्ष देईनाशी होतात. मग शिपाई आणखी जोरात बडवतो, दारं उघडत नाहीत, साखर व्हरांड्यात फिरत राहते, काही यकृतात जाऊन चरबी होऊन बसते. मेंदूला साखर लागते, पण बेतानं आणि सतत. त्याला पूर नको आणि पुरानंतरचा गाळही नको. भरपूर गोड खाल्लं की ती वर चढते आणि मग उतरते, त्यात दुपारची ती गुंगी येते. वर्षानुवर्षं असं चाललं की रक्तवाहिन्यांवर, लक्षावर, स्मरणावरही त्याचा परिणाम होऊ शकतो.

बायकोनंच माझा प्रश्न विचारला. "यांच्या वडिलांना विसरण्याचा आजार होता."

वडिलांचं नेमकं कशामुळे झालं हे आज सांगता येणार नाही, डॉक्टर म्हणाल्या. साखरेनंच झालं असं म्हणणं चूक ठरेल, आणि साखरेचा काही संबंध नव्हता असंही छातीवर हात ठेवून सांगता येणार नाही. "तुमचं काय होणार हेही मी आज सांगू शकत नाही, सर. पण यातलं जे आपल्या हातात आहे ते तीन महिने करून बघू. मग परत तपासू."

मग त्यांनी माझी छोटीशी तोंडी परीक्षा घेतली. पाच शब्द सांगितले: पेरू, खुर्ची, नदी, किल्ली, घोडा. मध्ये दोन-चार इकडचे-तिकडचे प्रश्न विचारले, आणि मग म्हणाल्या, आता ते पाच शब्द सांगा.

"पेरू," मी म्हटलं. बराच वेळ गेला. "केळं."

केळं नव्हतंच.

पुढचे तीन महिने आमच्या घरात ते पाच शब्द स्तोत्रासारखे म्हटले गेले. चहातली साखर गेली, पहिले आठ दिवस मी औषध प्यावं तसा चहा प्यायलो. स्टाफरूममध्ये पेढा पुढे आला की मी तो कपाळाला लावून शेजारच्याला द्यायला शिकलो. जेवण झालं की बायको मला अर्धा तास चालायला न्यायची, दारातून बाहेर काढून कडी लावायची म्हणा ना. ताटात आधी भाजी आणि काकडी, मग भाकरी. आणि चालता चालता, भाजी चिरताना, दात घासताना कोणीही मधूनच विचारायचं: सांग. आणि मी: पेरू, खुर्ची, नदी, किल्ली, घोडा. आईला तर ते संध्याकाळच्या हरिपाठाच्या शेवटी जोडूनच पाठ झाले. तिनं आयुष्यभर साखर खाल्ली आहे, चहात अजून दोन चमचे घेते, आणि तिला तिच्या लग्नात कोण रुसलं होतं तेही क्रमानं आठवतं. मी हे डॉक्टरांना फोनवर विचारलंही. त्या म्हणाल्या, तुमच्या आई दिवसभर बसतात किती ते सांगा. मी आठवून पाहिलं. त्या बाईला मी दुपारी बसलेली पाहिलेलीच नव्हती.

घरात एकच गोष्ट बदलली नाही. माझा चहा आई करायची तेव्हा त्यात साखर असायची. अर्धा चमचा, गुपचूप. "पोराच्या तोंडाला चव नको?" एवढंच तिचं म्हणणं. मी तो चहा बेसिनमध्ये ओतायचो, ती दुसऱ्या दिवशी पुन्हा घालायची. आमचा हा सत्याग्रह तीन महिने चालला.

जूनमध्ये पुन्हा रक्त दिलं. या वेळी आदल्या दिवशीच बायकोनं पंचांग पाहून खात्री केली की एकादशी, चतुर्थी, प्रदोष, काहीही नाही. सकाळी स्वयंपाकघराच्या दाराला मुलगी पाठ लावून बसली आणि आजीला आत जाऊ दिलं नाही. मी नुसतं पाणी पिऊन गेलो. काउंटरवर तीच मुलगी होती. तिनं विचारलं, "काका, फास्टिंग की उपवास?"

चार दिवसांनी मी एकटाच डॉक्टरांकडे गेलो. रिमझिम होती, हातात छत्री होती. त्यांनी कागद वाचला आणि म्हणाल्या, मारुतीच्या गुडघ्याच्या खाली. मी हसलो, पण मला त्या आकड्याचं तेवढं नव्हतं. माझी खरी परीक्षा पुढं होती आणि तिची तयारी पूर्ण होती.

"पाच शब्द सांगते," त्या म्हणाल्या. मी पेरूसाठी तोंड उघडूनच बसलो होतो. "दिवा. बैल. छत्री. आरसा. मीठ."

मी म्हटलं, "हे अभ्यासक्रमाबाहेरचं आहे."

"सर, तुम्ही आम्हाला कधी पुस्तकातलाच नकाशा परीक्षेत दिलात?"

मध्ये त्यांनी शाळेबद्दल विचारलं, गावातले रस्ते, मुलीचं कॉलेज. मग म्हणाल्या, सांगा.

"दिवा," मी म्हटलं. "बैल. आरसा. मीठ." आणि थांबलो. पाचवा शब्द नव्हता. तिथं पुन्हा तीच रिकामी जागा होती, छडी टेकवलेली. मग त्या म्हणाल्या, चार म्हणजे उत्तम आहे, पाचापैकी चार कोणालाही चालतात, काळजी करू नका. मी हो म्हणालो. जिना उतरलो. मला चार चालत नव्हते. चार शब्द म्हणजे चार थांबे, आणि पाचव्या थांब्यावर वडील मला विचारत होते, कुठं उतरणार.

रस्ता ओलांडून मी बसथांब्यापाशी आलो. डोक्यावर पाणी पडत होतं, चष्म्यावर थेंब. मी हात वर करून छत्री उघडायला गेलो आणि हातात काहीच नव्हतं.

मी तसाच परत पळालो. बावन्न वर्षांचा माणूस, ओला, दोन जिने चढून, पुढच्या पेशंटला ओलांडून दार ढकलून आत. छत्री खुर्चीला टेकलेली होती.

"छत्री," मी धापा टाकत म्हणालो.

डॉक्टरांना वाटलं मी वस्तू मागतोय. मग त्यांना कळलं. त्यांनी माझा कागद पुन्हा काढला, थोडा विचार केला आणि लिहिलं. "अर्धा देते सर. उशिरा सांगितलं."

मी वाद घातला नाही. घालायचा मला हक्कच नव्हता.

घरी आलो तेव्हा आई दारातच होती. तिनं आधी छत्रीकडे बघितलं, मग माझ्या ओल्या डोक्याकडे. विचारलं, किती पडले. मी सांगितलं, साडेचार, आणि तो अर्धा कसा पडला तेही सांगितलं. ती हसली नाही. पदरानं माझं डोकं पुसत म्हणाली, "तुझे वडील कितीतरी छत्र्या विसरले. पण परत आणायला ते एकदाही गेले नाहीत रे."

मग ती आत गेली आणि तिनं चहा टाकला. मी पहिला घोट घेतला. त्यात साखर नव्हती. ती मुद्दाम घातली नाही की आज घालायची विसरली, हे मी तिला विचारलं नाही. सगळा चहा प्यायलो.